प्रकीर्णनाची धाकटी बहीण

गेल्या उन्हाळ्यात मालवणात ओटीवर बसून एका मासिकाचा मजकूर तपासत होतो. लेखाचा मथळा होता, ‘लोहाधारित अतिसंवाहकांतील चुंबकीय उत्तेजनांचा न्यूट्रॉन-प्रकीर्णनाद्वारे अभ्यास’. शेजारचे तांडेलकाका आले होते. सगळं आयुष्य दर्यावर काढलेला माणूस. त्यांनी तो मथळा मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला आणि विचारलं, “रे, ह्या सगळा मराठीच आसा मां?”

मी हो म्हणालो. उत्तर खरं होतं, पण माझं मलाच पटेना. मराठी आहे, मग आयुष्यभर मराठी आणि मालवणी बोललेल्या माणसाला त्यातला एकही शब्द आपला का वाटू नये? त्या संध्याकाळी जाळ्यातून मासळी सोडवावी तसा एकेक शब्द सोडवायला घेतला. आणि लक्षात आलं की यातल्या बहुतेक शब्दांचे सोयरे आमच्याच गावात राहतात. फक्त कोणी ओळख करून दिलेली नाही.

लोह तर पायाखालीच होतं. सिंधुदुर्गातली तांबडी माती आणि घरांचे जांभ्याचे चिरे यांचा रंग लोखंडाच्या गंजाचा आहे. हजारो पावसाळ्यांनी खडकातलं बाकीचं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगं मागे राहिली, त्यांचा जांभा झाला. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला रेडीत तर लोहखनिजाच्या खाणीच आहेत आणि तिथल्याच बंदरातून ते खनिज परदेशी गेलं. पण ‘लोह’ या शब्दाचा पहिला अर्थ लोखंड नव्हे. लोह म्हणजे तांबडा. लोहित, रोहित, रुधिर ही सगळी एका घरातली मंडळी. कुणकेश्वराला किंवा कुठल्याही शिवालयात रुद्राभिषेकाच्या वेळी चमक म्हणतात, त्यात धातूंची यादी येते. तिथे अयस्, सीस, श्याम आणि लोह हे चार धातू वेगवेगळे मोजले आहेत. बहुतेक अभ्यासक श्याम म्हणजे काळा धातू, लोखंड, आणि लोह म्हणजे तांबडा धातू, तांबं, असा अर्थ लावतात. पुढे लोह शब्द कोणत्याही धातूला लागला. पंचलोह, अष्टलोह या शब्दांत तो मधला अर्थ गोठून राहिला आहे. आणि शेवटी तो एकट्या काळ्या धातूकडे गेला. त्या लोहाचा खंड म्हणजे आपलं लोखंड.

म्हणजे रंगावरून पडलेलं नाव रंग सोडून गेलं. मात्र कोकणात ते परत आपल्या रंगाला येऊन मिळतं, कारण इथे लोखंड दिसतं ते तांबड्या मातीच्या रूपात. ग्रीकांनाही तेच दिसलं होतं. लोहखनिजाच्या हेमॅटाइट या नावात रक्त या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. लोहितचा अर्थही रक्तच. तुळशीवृंदावनाला गेरू लावतात, तो गेरू म्हणजे हेच लोहाचं तांबडं संयुग.

चमकातल्या त्याच यादीतलं सीस, म्हणजे शिसं, मला दुसरीकडे घेऊन गेलं. नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. पायाचे दगड शिशाचा रस ओतून बसवले, असं परंपरा सांगते. या शिशाला साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणाला माहीत नसलेला एक गुण आहे. उणे २६६ अंशांच्या आसपास नेलं की त्यातून वीज कसलाही अडथळा न होता वाहते. हा गुण आधी पाऱ्यात सापडला, १९११ मध्ये, हॉलंडमधल्या लायडनला, कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत. नंतर शिशातही सापडला. त्याला मराठी विश्वकोशाने अतिसंवाहकता म्हटलं. मुळात ‘वह्’ हा धातू आहे, वाहणे, वाहून नेणे. पावसात घराशेजारून खळाळणारा व्हाळ याच कुळातला. हिंदीने याच गुणाला अतिचालकता म्हटलं. मराठी माणसाला ते चमत्कारिक वाटतं, कारण आपल्या एसटीत चालक गाडी हाकतो आणि वाहक तिकिटं देतो. काकांना मी म्हटलं, ज्या धातूत विजेचा व्हाळ कुठेही न अडता वाहतो तो अतिसंवाहक. त्यांना पुढे काही विचारावं लागलं नाही.

आता गोष्टीतली गाठ. लोखंड आणि अतिसंवाहकता यांचं वैर आहे, असं कित्येक दशकं मानलं गेलं. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात, आणि लोखंडातली चुंबकी ओढ त्या जोड्या फोडते. असा पदार्थ शोधायचा तर लोह टाळा, असाच रिवाज होता. २००८ च्या सुरुवातीला जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाने लँथनम, लोह, आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांचं थोडं फ्लोरिन मिसळलेलं संयुग जाहीर केलं. ते उणे २४७ अंशांना अतिसंवाहक होत होतं. काही महिन्यांत चीनमधल्या गटांनी त्याच जातीच्या संयुगांत ही मर्यादा उणे २१८ पर्यंत वर आणली. ज्याच्यामुळे गुण नाहीसा व्हायचा, तोच धातू गुणाचा आधार ठरला.

लोखंड अतिसंवाहकतेला हरताळ फासतं, असं मी इथे लिहिणार होतो. लिहिता लिहिता थांबलो. या संयुगात लोहाचा जोडीदार आहे आर्सेनिक, आणि हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळं खनिज! पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक त्या अक्षरांवर हरताळाचा लेप फासायचा. कागद पिवळसर, लेपही पिवळा, चूक झाकली जायची. त्यावरून केलेल्या कामावर हरताळ फासणे हा वाक्प्रचार आला. (दुकानं बंद ठेवण्याचा हरताळ वेगळा. तो हट्ट म्हणजे बाजार आणि ताळं यांतून आलेला आहे.) संस्कृत हरिताल यातला ‘हरि’ म्हणजे पिवळा, सोन्याच्या हिरण्य या नावाचा सख्खा. आणि ‘आर्सेनिक’? तो ग्रीकांनी पूर्वेकडून उचलला. इराणी भाषांत या खनिजाला सोनेरी या अर्थाचं जरनीख हे नाव होतं. त्यातला ‘जर’ आपल्या जरीत आणि जरतारीत आहे. इराणी जर आणि संस्कृत हरि हे एकाच जुन्या मुळाचे फाटे. म्हणजे हरताळ आणि आर्सेनिक हे दोन शब्द दोन वाटांनी जगभर फिरून मराठीत एकमेकांसमोर उभे आहेत, आणि अर्धं रक्त सारखं असूनही एकमेकांना ओळखत नाहीत. शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला असा क्षण वर्षातून एखादाच मिळतो.

चुंबक हा शब्द काकांना अर्थात ठाऊक होता. चुंबन घेणारा तो चुंबक. संस्कृतात त्याला अयस्कान्त असंही म्हणतात, लोखंडाचा प्रियकर. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त शंकराचं मन पार्वतीकडे ओढलं जावं म्हणून हीच उपमा योजली आहे. जुन्या चिनी भाषेतही या दगडाला मायेचा दगड म्हणत. पण मला यापेक्षा मोलाचं वाटतं ते आपल्या रसशास्त्राचं वर्गीकरण. ‘रसरत्नसमुच्चया’त चुंबकी लोहाचे प्रकार दिले आहेत, ते नुसत्या ओढीवर थांबत नाहीत. लोखंडाला फिरवतो तो भ्रामक, चिकटतो तो चुंबक, खेचतो तो कर्षक, वितळवतो तो द्रावक, आणि पाचवा रोमक. यातला चुंबक टिकला. भ्रामक मात्र मराठीत ‘खोटी समजूत करून देणारा’ एवढाच उरला. हे नुकसान आहे. चुंबकाचं खरं रूप ओढण्यात जेवढं आहे तेवढंच फिरवण्यात आहे, आणि होक्यातली सुई तेच सांगते.

होका. काकांच्या तोंडी होको. आता होड्यांवर उपग्रहाकडून जागा सांगणारं यंत्र असतं, पण त्यांच्या होडीत होको अजून आहे. या शब्दाची वाट अरबी समुद्रातून येते. अरबीत हुक्का म्हणजे डबी. अरब नाखवे सुई ठेवलेल्या डबीलाच हुक्का म्हणत. गुजरातीत आणि मराठीत त्याचं होका आणि होकायंत्र झालं. तंबाखूचा हुक्का हाही तोच शब्द, तीही मुळात एक डबीच. भूमध्य समुद्रातल्या इटालियन खलाशांनी याच वस्तूला बुसोला म्हटलं, त्याचाही अर्थ छोटी पेटी. दोन समुद्र, दोन भाषा, आणि दोघांनीही सुईला सोडून डबीला नाव दिलं. मला ते समजतं. वादळी रात्री जी वस्तू हातात धरायची, जपायची, ती डबीच असते.

मराठीत याला दिग्दर्शक यंत्र असंही नाव पडलं. दिग्दर्शन या शब्दाने आज सिनेमा आठवतो. पण १८४० मध्ये या नावाचं मराठी मासिक निघालं, आणि त्यात भूगोल आणि विज्ञान होतं. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर सिंधुदुर्गातल्याच पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलं आणि कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही पाहिलं, हे कमी सांगितलं जातं. त्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया थरथरणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. चुंबकाचा वेध घ्यायचा तर घरात खिळासुद्धा लोखंडी नको.

‘वेध’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला. व्यध् म्हणजे टोचणे, आरपार जाणे. विंधणे, विंधण विहीर ही त्याचीच लेकरं. वेधशाळा म्हणजे नजरेने आकाश विंधण्याची जागा. मथळ्यातला न्यूट्रॉन नेमकं हेच करतो. १९३२ मध्ये चॅडविक यांनी शोधलेल्या या कणावर विजेचा भार नाही. नावातच ते आहे, लॅटिनमधल्या ‘ना हा, ना तो’ या शब्दावरून ते पडलं, आणि नपुंसकलिंगाचं इंग्रजी नावही त्याच शब्दातून आलं. (मराठीने मात्र ‘तो न्यूट्रॉन’ म्हणून त्याला पुल्लिंगी केलं.) भार नसल्याने तो धातूत खोल शिरतो, वाटेतल्या विजेला अडखळत नाही. पण तो स्वतः एक बारीकसा चुंबक आहे. म्हणून आतल्या चुंबकांना तो ओळखतो, आणि तेही त्याला.

असे न्यूट्रॉन आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा केंद्रात मिळतात. तिथली पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. तिचा गाभा पाण्याच्या तळ्यात बुडवलेला, आणि पाण्यात निळा उजेड. तिला नेहरूंनी अप्सरा हे नाव दिलं. अप् म्हणजे पाणी आणि सृ म्हणजे सरकणे, अप्सरा म्हणजे पाण्यात विहरणारी. पाण्यातल्या भट्टीला याहून नेमकं नाव मिळणं अवघड. तिथे न्यूट्रॉनांचे प्रयोग रुजवणारे पी. के. अय्यंगार कॅनडात बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर हे तंत्र शिकून आले होते. याच तंत्रासाठी ब्रॉकहाउस यांना १९९४ चं नोबेल मिळालं. पुढे ८ ऑगस्ट १९८५ ला मोठी भट्टी सुरू झाली, तिच्या उभारणीत अनिल काकोडकरांचा मोठा वाटा होता. तिचं नाव ध्रुव. न ढळणारा. काकांच्या आजोबांनी ज्याच्याकडे बघून होडी हाकली तो तारा, चुंबकाची दोन टोकं, आणि एकाच दिशेला तोंड केलेल्या न्यूट्रॉनांना म्हणतात ते ‘ध्रुवित’, सगळ्यांत तोच शब्द.

आता उरलं उत्तेजन. रोजच्या मराठीत त्याचा अर्थ प्रोत्साहन. मूळ धातू तिज्, धार लावणे. तेज म्हणजे आधी पात्याची धार, मग चमक. स्वयंपाकघरात आडाळ्याची धार चमकते, तेव्हा हे दोन्ही अर्थ एकत्र दिसतात.

काकांना मी समजावलं ते असं. लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक छोटा होको. हजारो होके शेजारी शेजारी ठेवलेत. एका रांगेच्या सुयांची तोंडं उत्तरेला, पुढच्या रांगेची दक्षिणेला, पुन्हा उत्तरेला. एका सुईला धक्का दिला की शेजारची हलते, मग तिच्या शेजारची, आणि सगळ्या होक्यांतून एक लाट जाते. ती लाट म्हणजे चुंबकीय उत्तेजन. न्यूट्रॉन आत शिरतो, अशी लाट उठवतो, आणि तेवढी शक्ती गमावून दुसऱ्याच दिशेला बाहेर पडतो. तो किती वळला आणि किती मंदावला हे मोजलं की लाटेचा हिशोब लागतो. २००८ मध्येच न्यूट्रॉनांनी दाखवलं की होसोनोंच्या मूळ, फ्लोरिन न मिसळलेल्या संयुगात सुयांची अशी रांगोळी खरोखर असते. फ्लोरिन मिसळलं की रांगोळी मोडते आणि अतिसंवाहकता येते. पण सुयांची हालचाल थांबत नाही. त्याच वर्षी बेरियमच्या भावंड-संयुगात दिसलं की अतिसंवाहकता येताच त्या लाटांचा जोर एका ठरावीक शक्तीपाशी गोळा होतो. याला अनुनाद म्हणतात. शिशात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या अणूंच्या थरथरीने बांधल्या जातात. इथे त्या चुंबकी लाटांनी बांधल्या असाव्यात, असं आज बहुतेक संशोधक मानतात. याच बेरियम-लोह-आर्सेनिक संयुगातली अणूंची थरथर भाभा केंद्रातले रंजन मित्तल आणि एस. एल. चपलोत यांनी युरोपातल्या सहकाऱ्यांबरोबर न्यूट्रॉनांनी मोजली, तीही २००८ मध्येच.

काकांनी सगळं ऐकून विचारलं, “आणि ता शेवटचा?” म्हणजे प्रकीर्णन.

याच शब्दासाठी मी हा लेख लिहितो आहे. प्र + कॄ. कॄ म्हणजे उधळणे, फेकणे. विकिरण, संकीर्ण, प्रकीर्ण हे त्याचे संस्कृत पोशाखातले नातेवाईक. त्याच धातूचं ‘विष्किरति’, म्हणजे उधळतो. प्राकृतात त्याचं ‘विक्खिरइ’ झालं, हिंदीत ‘बिखरना’, आणि मराठीत विखरणे, विखुरणे. म्हणजे प्रकीर्णन आणि विखुरणे या सख्ख्या बहिणी. थोरली पाठशाळेत राहिली, धाकटी पुळणीवर. रापणीतून ओढलेली मासळी वाळूत विखुरते, वाळत घातलेले बांगडे वाऱ्याने विखुरतात. हा शब्द मालवणात रोज शंभर वेळा बोलला जातो. परिभाषेत मात्र तो रुळला नाही.

किरण शब्दही जुन्या व्युत्पत्तीप्रमाणे याच धातूचा. ऋग्वेदात किरणचा एक अर्थ बारीक धूळ असा आहे. प्रकाशाचा झोत हा अर्थ नंतरचा. उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी धूळ ज्याने पाहिली त्याला या अर्थबदलाचं कोडं पडणार नाही. न्यूट्रॉन कणही आहे आणि लाटही, हे विसाव्या शतकात फार प्रयत्नांनी कळलं. त्याच्या झोताला आपण ‘न्यूट्रॉन किरण’ म्हणतो, तेव्हा धूळ आणि उजेड हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आधीपासून होते.

काकांना मी म्हटलं, शेवटचा शब्द म्हणजे विखुरणं. ते म्हणाले, “मगे तसा लिही ना.”

माझं मत त्यांच्या बाजूने आहे. ‘न्यूट्रॉन-विखुरण’ हा शब्द शुद्ध आहे, त्याच धातूचा आहे, त्याची रूपं सहज होतात: न्यूट्रॉन विखुरतो, विखुरला, विखुरलेला. प्रकीर्णनाला असं जिवंत क्रियापदच नाही, त्याला ‘प्रकीर्णन होते’ असा टेकू द्यावा लागतो. लोह, चुंबक, अतिसंवाहक राहू द्यावेत, ते रुळले आहेत. पण जिथे शाळेतल्या शब्दाची बहीण बोलीत नांदते आहे, तिथे परिभाषा करणाऱ्यांनी आधी तिला विचारावं. मासिकाच्या मथळ्यात मी ‘विखुरण’ केलं, आणि संपादकांनी ते राहू दिलं.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या वाचकांना एक विनंती. घरात जुना होका असेल, किंवा तो वापरलेले तांडेल अजून असतील, तर त्यांच्याकडे बसून सुईला, डबीला, तिच्यावरच्या खुणांना, दिशांना आणि वाऱ्यांना ते काय म्हणतात ते वहीत उतरवून घ्या, आणि आम्हाला पाठवा. या पावसाळ्याआधी पाठवलंत तर बरं.